प्रागचा चार्ल्स पूल पहिल्यांदा पाहताना

प्रागला जाणाऱ्या बहुतेकांच्या कार्यक्रमात चार्ल्स पुलासाठी अर्धा तास लिहिलेला असतो. गाइड झेंडा उंच धरून पुढे, मागे चाळीस माणसं, आणि बघता बघता सगळे पलीकडच्या काठावर. मीसुद्धा पहिल्यांदा आईला घेऊन ऑगस्टमध्ये सकाळी अकराला गेलो होतो. पूल दिसलाच नाही, माणसांच्या पाठी दिसल्या. आई सगळा वेळ पर्स छातीशी धरून चालत होती आणि पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "झाला का? एवढाच?" मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्ही पुन्हा गेलो आणि दोन तास तिथेच होतो.

तुमची पहिलीच खेप अशी वाया जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. हा पूल पलीकडे जाण्यासाठी ओलांडायचा नाही. जाऊन परत यायचं, तेही पहाटे.

निघण्यापूर्वी

चेक प्रजासत्ताक शेंगेन देशांत येतं, म्हणजे आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात जायचं असेल तर उशीर करू नका. तीस हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा बंधनकारक आहे.

चलन युरो नाही, कोरुना आहे. रस्त्यात कोणी जवळ येऊन "चांगला भाव देतो" म्हणालं तर थांबूही नका. हातात भलत्याच देशाच्या, कवडीमोल नोटा ठेवून पसार होण्याचा तो जुना धंदा आहे. एटीएममधून पैसे काढताना यंत्र विचारतं, हिशोब रुपयांत करू की कोरुनात? कोरुनाच निवडा. रुपये निवडले की यंत्रवाला आपल्या भावाने हिशोब करतो आणि त्यात आपलं नुकसान होतं. थोडी नाणी सुटी ठेवा, सार्वजनिक स्वच्छतागृहांत बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात.

मुक्काम शक्यतो असा घ्या की पुलापर्यंत पायी जाता येईल. दोनशे रुपये वाचवायला लांबचं हॉटेल घेतलं की पहाटेचा बेत फिसकटतो. लांब राहावंच लागलं तर रात्रभर ट्राम चालू असतात, त्यांचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. विमानतळावरून ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन स्टेशनला सोडते. तिथून मेट्रोची हिरवी 'ए' लाइन पकडून स्तारोम्येस्तस्का स्टेशनला उतरलात की पूल पाच-सात मिनिटांवर. तिकीट काढलं म्हणजे काम झालं असं समजू नका. मेट्रोच्या दारातल्या किंवा ट्राममधल्या छोट्या पिवळ्या यंत्रात ते घालून त्यावर वेळेचा शिक्का उठवावा लागतो. बिनशिक्क्याचं कागदी तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

किती वाजता

जूनमध्ये प्रागला सूर्य पाचच्या सुमारास उगवतो. डिसेंबरात आठ वाजतात, म्हणून थंडीत जाणाऱ्यांना पहाटे उठण्याची शिक्षा नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पुलाच्या पूर्वेकडच्या, म्हणजे जुन्या शहराच्या टोकाला उभं असायला हवं. सूर्य तुमच्या पाठीमागून येतो आणि समोर टेकडीवरचा राजवाडा व चर्चची शिखरं आधी उजळतात. नदी आणि पूल अजून निळसर अंधारात असतात. हा उजेड संध्याकाळी मिळत नाही, कारण तेव्हा सूर्य राजवाड्याच्या मागे असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात नदीवर धुकं असलं तर नशीब समजा.

उन्हाळ्यात आठनंतर गर्दी वाढू लागते आणि दहानंतर मूर्ती बघणं सोडून द्यावं. ज्यांना पहाट जमणारच नाही त्यांनी रात्री अकरानंतर जावं. दिव्यांच्या उजेडात मूर्ती काळ्या सावल्यांसारख्या दिसतात, तेही सुंदर असतं, पण चेहरे दिसत नाहीत. नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत संध्याकाळी एक माणूस जुन्या पोशाखात, हातात लांब काठी घेऊन पुलावरचे गॅसचे दिवे एकेक करून पेटवत जातो. त्या दिवसांत प्रागमध्ये असाल तर ती संध्याकाळ राखून ठेवा.

पूल चोवीस तास उघडा असतो, तिकीट नाही. तिकीट दोन्ही टोकांच्या मनोऱ्यांवर चढायचं असेल तरच.

पूल कुठून आला, एवढं माहीत असू द्या

या जागी आधीही दगडी पूल होता. राणी युडिथच्या नावाचा तो पूल ११७२ च्या सुमारास पुरा झाला आणि १३४२ च्या पुरात मोडला. मग इथला राजा चौथ्या चार्ल्सने, ज्याला चेक लोक कारेल म्हणतात, १३५७ मध्ये नव्या पुलाची पायाभरणी केली. परंपरा असं सांगते की ज्योतिषांनी मुहूर्त काढून दिला होता: ९ जुलै, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. वर्ष, तारीख, महिना, वेळ ओळीने मांडा: १३५७ ९ ७ ५३१. पुढून वाचा, मागून वाचा, आकडे तेच. खरंखोटं कोणी सिद्ध करावं? पण पहाटे साडेपाचला त्या दगडांवर उभं राहिल्यावर मुहूर्त खरा वाटतो, एवढं मी सांगतो.

काम पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. सोळा कमानी, पाचशे सोळा मीटरच्या आसपास लांबी, साडेनऊ मीटर रुंदी. चुन्यात अंडी घातली होती अशी एक दंतकथा आहे, आणि तिला जोडून आणखी एक: वेल्वारी गावच्या लोकांनी वाटेत फुटू नयेत म्हणून अंडी उकडून पाठवली! ही गोष्ट प्रागमध्ये लहान मुलांनाही ठाऊक असते.

'चार्ल्स पूल' हे नाव १८७० पासूनचं. त्याआधी पाच शतकं लोक याला नुसतं 'दगडी पूल' किंवा 'प्रागचा पूल' म्हणायचे. यावरून घोड्याची ट्राम धावली, मग विजेची, मग मोटारी. १९६५ नंतर पूल फक्त पायी चालणाऱ्यांचा झाला.

सुरुवात मनोऱ्यापासून

जुन्या शहराच्या बाजूला चौथ्या चार्ल्सचा पुतळा असलेला छोटा चौक आहे. तिथे उभं राहून मनोऱ्याकडे वर बघा. पूर्वेकडच्या या भिंतीवर मधोमध संत व्हिटस, एका बाजूला चार्ल्स, दुसऱ्या बाजूला त्याचा मुलगा वेन्सेस्लास, खाली राज्यांची चिन्हं, सगळं कोरीव. आता कमानीखालून पलीकडे जा, चार पावलं चालून मागे वळा. पश्चिमेची भिंत जवळजवळ कोरी आहे. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने पलीकडचा काठ घेतला आणि पुलावरून जुन्या शहरावर चाल केली. त्या लढाईत या बाजूचं कोरीवकाम गेलं. शहर मात्र त्यांना घेता आलं नाही. शेकडो लोक या कमानीखालून जातात, मागे वळून कोणी बघत नाही. तुम्ही बघा.

याच मनोऱ्यावर १६२१ साली बारा डोकी टांगली होती. हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्ध उठाव केलेल्या सत्तावीस जणांना जुन्या शहराच्या चौकात मारलं, त्यांतल्या बारांची. दहा वर्षं ती तिथेच होती.

जाताना डावा हात, येताना डावा हात

पुलावर तीस मूर्ती किंवा मूर्तिसमूह आहेत, दोन्ही कठड्यांवर पंधरा-पंधरा. एकाच वेळी दोन्हीकडे बघायला गेलं की मान दुखते आणि काहीच लक्षात राहत नाही. म्हणून माझी साधी पद्धत: जाताना डाव्या कठड्याने जायचं, म्हणजे दक्षिणेच्या पंधरा मूर्ती होतात, परतताना पुन्हा डावा कठडा, उत्तरेच्या पंधरा होतात. सगळ्या तीस नीट बघायच्या नाहीत. पाच-सहा मनापासून बघा.

बहुतेक मूर्ती १६८३ ते १७१४ या काळातल्या. पूल त्याहून तीनशे वर्षांनी जुना आहे, हे लक्षात असू द्या. मूर्तींचा वालुकाश्म काजळीने काळा पडला आहे, आणि आज पुलावर दिसतात त्यांतल्या पुष्कळ प्रतिकृती आहेत. अस्सल कुठे, ते शेवटी सांगतो.

डावीकडची पाचवी मूर्ती मोजून थांबा. इथे आपला संबंध येतो. हा संत फ्रान्सिस झेवियर, ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे. आमचं गाव बांदा, गोव्याच्या हद्दीला लागून. लहानपणी बसने जुन्या गोव्याला नेत असत. जांभ्या दगडाचं ते तांबूस चर्च, आतली ती उंचावरची चांदीची पेटी, आणि रांगेत आमच्यासारखीच कितीतरी हिंदू कुटुंबं. त्या पहाटे आई या मूर्तीपाशी थांबली, मी नाव सांगितलं, आणि तिचा चेहराच बदलला. "हो तर आपलो गोंयचो सायब!" आदल्या दिवशी "एवढाच?" म्हणणारी बाई नंतर वीस मिनिटं तिथून हलली नाही.

मूर्ती जवळून बघा. सर्वांत वर झेवियर, हातातला क्रूस उंच धरलेला. त्याच्यापुढे बाप्तिस्मा घेणारा राजपुत्र गुडघे टेकून. आणि हे सगळं वजन खालच्या माणसांनी पेललेलं आहे: पूर्वेच्या देशांची ही माणसं, त्यांतला एक भारतीय. त्यांच्या वाकलेल्या पाठी आणि ताणलेले दंड बघा, मग वरच्या संताकडे. घडवणारा फर्डिनांड मॅक्सिमिलियन ब्रोकॉफ १७११ मध्ये तेवीस वर्षांचा होता, आणि भारत त्याने पाहिला नव्हता. पुलाच्या टोकाशीच क्लेमेंटिनम ही जेझुइटांची, म्हणजे कॅथलिक धर्मप्रचारकांच्या संघाची, मोठी वास्तू आहे. झेवियर त्यांचाच, म्हणून तो या पुलावर. मला ही मूर्ती फार आवडते आणि बघून अस्वस्थही होतो. धर्म बदलणारे आणि बदलले गेलेले यांच्यात कोणाच्या खांद्यावर कोण उभं होतं, ते या दगडात त्या काळच्या अभिमानाने कोरलं आहे; आपल्याकडून बघताना ते वेगळं दिसतं.

१८९० च्या सप्टेंबरात मोठा पूर आला. वरून वाहत आलेले लाकडाचे ओंडके पुलाला अडले, पाणी तुंबलं, कमानी कोसळल्या, आणि हा झेवियर नदीत गेला. समोरच्या कठड्यावरचा इग्नेशियस लोयोला, जेझुइटांचा संस्थापक, तोही गेला. झेवियरची प्रतिकृती पुढे इथे बसवली. इग्नेशियस परत आला नाही, त्याच्या जागी १९३८ मध्ये सिरिल आणि मेथोडियस उभे राहिले.

पुढे चला. उजवीकडे-डावीकडे मान वळवायचा मोह होईल, तेवढा आवरा. पुलाच्या रेषेकडे मात्र लक्ष द्या: तो सरळ नाही, किंचित वळत जातो. रिकामा असतो तेव्हाच हे कळतं.

डावीकडची बारावी मूर्ती संत लुटगार्डची. अंध झालेल्या या जोगिणीला दर्शन होतं आणि ख्रिस्त क्रुसावरून खाली झुकून तिला जवळ घेतो. माटियास ब्राउनचं १७१० मधलं हे काम. पुलावरची सर्वांत सुंदर मूर्ती कोणती असं विचारलं तर मी हीच दाखवीन. दगड असूनही कापडाच्या चुण्या हलल्यासारख्या वाटतात. तिच्यापुढे एक मूर्ती सोडली की गुहेत कोंडलेले कैदी आणि त्यांच्यावर पहारा करणारा पोट सुटलेला तुर्क दिसेल, शेजारी कुत्रा. कैद्यांना पैसे भरून सोडवणाऱ्या संतांचा हा समूह आहे, पण प्रागचे लोक त्याला 'तुर्क' म्हणूनच ओळखतात.

काम्पावर उतरा

पलीकडच्या दोन मनोऱ्यांपर्यंत जाऊन या. त्यांतला बुटका मनोरा जुन्या युडिथ पुलाच्या वेळचा, बाराव्या शतकातला आहे. मग थोडं मागे येऊन दक्षिणेच्या बाजूला जिना दिसतो, तो काम्पा बेटावर उतरतो. पुलावर बसायची सोय नाही, त्यामुळे वडीलधारी माणसं बरोबर असतील तर इथे विश्रांती घ्या. बाक आहेत, झाडं आहेत.

कमानींच्या खाली जाऊन वर बघा. वरून पूल म्हणजे रस्ता वाटतो. खालून त्याचं वजन कळतं. नदीतल्या खांबांच्या पुढे, प्रवाह येतो त्या बाजूला, जाड ओंडक्यांचे त्रिकोणी आडोसे दिसतील. हिवाळ्यात वाहून येणारे बर्फाचे तुकडे त्यांवर आपटून फुटावेत म्हणून ते आहेत. काठाजवळच्या एका खांबापाशी उभा असलेला सोनेरी तलवारीचा वीर म्हणजे ब्रुन्स्वीक. त्याची जादूची तलवार पुलात पुरलेली आहे आणि देशावर मोठं संकट आलं की ती बाहेर येईल, अशी गोष्ट.

शाकाहारी मंडळींनी "बेज़ मासा", म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करावेत. तळलेलं चीज, त्याला 'स्माझेनी सीर' म्हणतात, बहुतेक साध्या खाणावळींत मिळतं. अंडं चालत नसेल तर आधी विचारा, कारण त्याचं आवरण अंड्याचं असतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. कोणाशीही बोलताना आधी "दोब्री देन" म्हणा. समोरच्याचा सूर लगेच बदलतो.

परतीची वाट

आता उत्तरेचा कठडा. मधोमध, आठवी मूर्ती पुलावरची सर्वांत जुनी: १६८३ मधला नेपोमुकचा संत जॉन, ब्राँझचा, डोक्याभोवती पाच तारे. १३९३ मध्ये राजा वेन्सेस्लासच्या हुकमाने या धर्मगुरूला पुलावरून नदीत फेकलं. राणीने कबुलीजबाबात काय सांगितलं ते त्याने राजाला सांगितलं नाही, ही लोककथा. इतिहास चर्चमधल्या नेमणुकीच्या भांडणाकडे बोट दाखवतो. मूर्तीच्या पायाशी दोन ब्राँझचे फलक आहेत आणि त्यांवर हात फिरवून फिरवून काही जागा सोन्यासारख्या चकाकतात. इथे रांग लागते. पण जिथून त्याला फेकलं असं मानतात ती जागा थोडी पुढे आहे: कठड्यावर पाच तारे असलेला छोटा पितळी क्रूस बसवला आहे. नुसता डोळे उघडे ठेवून चालणाऱ्यालाच तो सापडतो. हाताचं बोट तिथे ठेवा, थंडगार लागतं.

पुढे क्रुसावरचा ख्रिस्त आणि त्याभोवती सोनेरी हिब्रू अक्षरं. ही अक्षरं १६९६ मध्ये एका ज्यू माणसाला ईशनिंदेबद्दल दंड करून, त्या पैशातून लावली. ज्यूंच्या प्रार्थनेतलीच ओळ, त्यांना खिजवण्यासाठी. २००० मध्ये खाली खुलासा करणारे फलक बसवले. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टोकाला पोचताना कठड्यावरून खाली काठाच्या भिंतीकडे बघा. तिथे दाढीवाल्या माणसाचं दगडी तोंड आहे, ब्रादाच त्याचं नाव. जुन्या पुलावरचं हे तोंड म्हणजे पुराचं मोजमाप: पाणी दाढीला लागलं की नदीकाठच्यांनी घरं सोडायची. २००२ च्या महापुरात शहराचा मोठा भाग पाण्यात गेला, पूल टिकला.

मनोरा उघडला असेल तर आता चढा. १३८ पायऱ्या, अरुंद आणि वळणाच्या. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. वरून पुलाचं ते किंचित वळण एका नजरेत दिसतं.

अस्सल मूर्ती

पुलावरून काढलेल्या अस्सल मूर्ती दोन ठिकाणी आहेत. राष्ट्रीय संग्रहालयाचं लापिदारियम, म्हणजे दगडी शिल्पांचं दालन, होलेशोवित्से भागात आहे, आणि वर्षाचा काही काळ बंद असतं, म्हणून जाण्याआधी चौकशी करा. दुसरं ठिकाण व्हिशेह्राद किल्ल्याच्या तटाच्या पोटातलं गोर्लीत्से नावाचं दालन. तिथे मार्गदर्शकाबरोबरच सोडतात. अंधाऱ्या भुयारातून चालत जाता जाता एकदम उंच खोली लागते, आणि पुलावरच्या मूर्ती भिंतींना टेकून उभ्या दिसतात, हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ. पावसाने झिजलेली नाकं, तुटलेली बोटं, छिन्नीचे घाव, सगळं दिसतं. आत बारमाही गारवा असतो. बाहेर कितीही ऊन असलं तरी स्वेटर बरोबर घ्या.